कपाटावरची पट्टी

माणूस जातो, नाव मागे उरतं, असं आपण गंभीर चेहऱ्याने म्हणतो. जपानमधल्या एका बेसबॉल संघात मी दुभाष्या होतो. तिथे खेळाडूचं नाव त्याच्या कपाटावर चिकटपट्टीवर लिहिलेलं असे.

राफाएल आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. वय छत्तीस, देश पाचवा. प्रत्येक देशात तो तिथल्या लिपीतला एकच शब्द वाचायला शिकायचा, स्वतःचं नाव. रोज आल्यावर आधी पट्टी बघायची, मगच बूट काढायचे. संघातून काढल्याचं सगळ्यांत आधी पट्टीलाच कळतं, असा त्याचा अनुभव.

एकदा त्याने आपलं नाव माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं.

"आमच्याकडे बेसबॉल कोणी खेळत नाही रे," मी म्हणालो.

"अजून नाही," म्हणत त्याने कागद पाकिटात ठेवला.

मग एका सकाळी सामान सांभाळणारे म्हातारबुवा, जे एरवी त्याची टर उडवायचे, त्याला कमरेत वाकून नमस्कार करून गेले. प्रशिक्षकांनी चहा घेणार का विचारलं.

"मेक्सिकोत शिव्या देऊन काढलं होतं," राफाएल हळूच म्हणाला. "हे त्याहून वाईट दिसतंय."

आपल्याकडेही अंगावर शाल पडली की माणसाने ओळखावं.

कपाटावर पट्टी होती. नवी, अगदी सरळ चिकटवलेली. अक्षरं मात्र त्याच्या ओळखीची नव्हती.

"माझ्या जागी कोण आलंय?" त्याने विचारलं.

दुभाष्याला सांगावंच लागतं. पट्टीवर 'टॉवेल' असं लिहिलं होतं.