कप्प्यात मावणारा आकडा

कुठलंही भांडं दिसलं की ती बोटानं वाजवायची आणि विचारायची, "आजी, यात किती मावतं?" स्वयंपाक येत नव्हता, पण ही चौकशी रोजची.

पोरगी सोनई गावची. सुप्याच्या एका कंपनीत मशीनचे प्रोग्रॅम लिहायची. माझी सून तिथंच, पत्रा दाबायच्या प्रेसवर. तिनंच तिला आमच्या वरच्या खोलीत आणली. जेवायला आमच्यात.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कामाशिवाय दुसरं बोलणं नाही. मी चौथी शिकलेली, तरी मला सांगायची. मशीनमध्ये आकडे ठेवायला कप्पे असतात. आठ बिटांच्या कप्प्यात एकशे सत्तावीसपर्यंत मावतं, सोळाच्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्यावर एक जरी टाकला तरी आकडा उलटून उणे होतो.

"माझ्या डब्यात पीठ जास्त झालं तर सांडतं. उणं न्हाई होत."

"तेच तर, आजी. सांडलं असतं तर दिसलं असतं."

"मग मोठा कप्पा घ्यावा की."

"जुनं मशीन आहे, जागा कमी. पुरेल तेवढाच घ्यायचा."

सुनेच्या प्रेसचे ठोके मोजायला तिनं सोळाचा घेतला होता. दर अवसेला मशीन बंद करून नारळ फोडतात. बंद केलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. महिन्याचे ठोके त्यात मावत होते.

एका संध्याकाळी ती जेवत होती, सून सेकंड शिफ्टला. मी सहज म्हणाले, "या अवसेला चालू मशीनवरच नारळ फोडला म्हणं. अर्जंट माल हाय."

घास हातातच राहिला. "बंदच केलं नाही?"

हात आत असला की प्रेस थांबते. पण आकडा शून्याच्या वर असेल तरच मशीननं हात तपासायचा, असं हिनंच लिहून ठेवलेलं. आकडा उणे झाला की तपासणीच बंद.

कामगारांचे फोन गेटवर जमा. साहेब उचलेना. तिनं खरकट्या हातानं स्कूटी काढली.

"आजी, तुम्ही कशाला?"

"सून माझी हाय. चल."

कंपनीच्या गेटवर रखवालदार पास मागायला लागला. ती दांडीखालून वाकून आत पळाली. मी बाहेर. प्रेसचा ठोका पायाखाली कळत होता. मी एकेक ठोका मोजत होते. मग ठोका थांबला. ते जास्त वाईट. हिनं थांबवला की आत काही झालं, कळेना. मी दांडी घट्ट धरून उभी राहिले.

सून बाहेर आली. "आत्याबाई, तुमी हितं?"

मी तिचे दोन्ही हात ओढून दिव्याखाली धरले. बोटं शाबूत होती.

मागून पोरगी आली, भिंतीला टेकून बसली आणि ओकली. "उणे झाला होता," एवढंच म्हणाली.

"मला तर कायबी कळलं न्हाई," सून म्हणाली. "प्रेस रोजच्यासारखीच चालत हुती."

पोरीनं बत्तीसचा कप्पा बसवला, नोकरी सोडली आणि पुण्याला गेली. खोली रिकामीच आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तिचा फोन येतो. माझी तब्येत विचारत नाही.

"वहिनी आल्या का घरी?"

"आली."

मग ठेवते.