मडमेचं कीर्तन

आमच्या चर्चमध्ये कीर्तन होतं असं सांगितलं की ऑफिसातली मुलं कॉफीचा कप हवेतच धरून माझ्याकडे बघतात. "मॅम, चर्चमध्ये? लाइक, टाळ वगैरे?" हो बाबांनो, टाळ वगैरे. पेटी, तबला, पूर्वरंग, उत्तररंग, मधे हारतुरे, सगळं साग्रसंगीत. फक्त आख्यान बायबलातलं किंवा एखाद्या ख्रिस्तभक्ताच्या आयुष्यावरचं. माझे सासरे असं कीर्तन करायचे आणि फार सुंदर करायचे.

सासूबाई त्यांच्या मागे उभ्या राहून झील धरायच्या. म्हणजे सासरे ध्रुवपद म्हणणार, आणि ओळ संपत आली की सासूबाई ती मागून उचलणार. सासऱ्यांनी तोवर श्वास घ्यायचा, घाम पुसायचा, पुढचं आठवायचं. हे तीसेक वर्षं चाललं. सासूबाईंचा आवाज सासऱ्यांपेक्षा चांगला होता हे चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

सासरे गेले. पुढच्या वर्षी महिला मंडळाच्या वार्षिक दिनाची बैठक भरली तेव्हा आमच्या चर्चचे पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले, "कीर्तन आता कोण करणार? आपण पडद्यावर एखादी फिल्म दाखवू." सासूबाई चहाचे कप भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी करते." मग त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं, कारण भरलेल्या कपात त्या चहा ओततच राहिल्या.

विश्रांतवाडीला परत येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "एकदा पुढे उभं राहायचंय गं मला. नाही जमलं तर मग खुशाल लावा फिल्म, मी काही बोलणार नाही." पाळकसाहेबांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं, या वर्षी कीर्तन रंगलं तर चालू ठेवू. म्हणजे नाही रंगलं तर सासऱ्यांचं कीर्तन सासूबाईंच्या हातून बंद पडणार.

आख्यान कुणाचं, यावर त्यांचं आधीच ठरलेलं. त्यांचं सगळ्यात आवडतं गीत, जे त्या पोळ्या लाटताना म्हणतात, ते लिहिणाऱ्या माणसाचं. ते कुणीतरी नगरकडच्यानं लिहिलंय अशी त्यांची ठाम समजूत होती, कारण चाल तशी होती. मी फोनवर शोधलं तर निघाली इंग्लंडमधली एक बाई, दीडेकशे वर्षांपूर्वीची. आपल्याकडे नुसतं भाषांतर झालेलं आणि चाल कुणीतरी घरची लावलेली.

"मडम?" सासूबाई लाटणं घेऊन माझ्या अंगावरच आल्या. "माझं गाणं मडमेनं लिहिलंय?"

"हो आई."

लाटणं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बरं. मराठी छान आहे हो तिचं."

आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. पोळी करपली.

पुढची अडचण मडमेनंच केली. तिच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं. लहानपणी आजारी पडली, पाय अधू झाले, समुद्राजवळच्या एका घरात खिडकीशी बसून राहिली, गीतं लिहिली, म्हातारी झाली, गेली. लग्न नाही, प्रवास नाही, छळ नाही, चमत्कार नाही. उत्तररंगात निदान एक राजा तरी चिडायला लागतो. इथे चिडायला कुणीच नाही. बरं, तिची गीतं देशोदेशी गेली, पण हिनं स्वतः चर्चमध्ये उभं राहून ती कधी गायली नाहीत. चर्चपर्यंत चालवायचं नाही. ही घरी लिहायची आणि गाणारे तिकडे गायचे.

सासूबाईंनी पोळपाट बाजूला सारला. "म्हणजे ही पण मागेच," त्या म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून मडम आमच्या घरात राहायला आली. सासूबाईंनी तिला बोलती केली आणि बोलती केली ती थेट पुण्याची. मडमेचे वडील जिन्याखालून ओरडत, "चहा झालाय, यायचं तर या, नाहीतर मी पितो!" डॉक्टर तपासून म्हणे, विश्रांती घ्या, आणि मडम म्हणे, "अहो, मी दुसरं काय करतेय?" माझी नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. मी शहाणपणा करून म्हणाले, आई, हे कुठे लिहिलेलं नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "तू होतीस का तिथे?" मी नव्हते. माझा नवरा पेटीवर डोकं ठेवून हसत होता, त्यामुळे भाता हलून पेटी आपोआप वाजत होती.

झील धरायला मात्र कुणी मिळेना. ज्यांना गाता येतं त्या सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी काम होतं. सासूबाई म्हणाल्या, "तू उभी राहा." माझा आवाज ऐकून आमच्या सोसायटीतली कुत्री उठून जातात. मी तसं सांगितलंही. "तुला सूर लागायची गरज नाही," त्या म्हणाल्या, "तू नुसती मागे अस."

टाळ जुने झाले होते म्हणून आम्ही कसबा पेठेत गेलो. दुकानदार वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "भजनाला?"

"कीर्तनाला," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाचं आख्यान?"

"इंग्लंडमधल्या एका बाईचं."

त्यांनी पान उलटलं. "मग टाळ तिकडेच घ्यायचे की."

सासूबाईंना जे हसू फुटलं ते दुकानाच्या पायरीवर बसावं लागेपर्यंत. ते गृहस्थ शेवटी उठले, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि त्यातल्या त्यात गोड वाजणारे टाळ स्वतः निवडून दिले. हसले नाहीत. ते त्यांच्या नियमात बसत नसावं.

वार्षिक दिन उजाडला. सासूबाईंनी पदर खोचला आणि गळ्यात सासऱ्यांचं उपरणं घातलं. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास इतका की नमन होण्याआधीच त्यांना तीन शिंका आल्या. चर्च भरलेलं. पाळकसाहेब पहिल्या बाकावर. फिल्मचा पडदा भिंतीवर गुंडाळून ठेवलेला दिसत होता, आणि मला तो मुळीच आवडला नाही.

ध्रुवपद सासूबाईंनीच रचलं होतं: *खिडकीपाशी बसले देवा, तूच माझे अंगण.* नवऱ्यानं पेटीवर सूर धरला. तबला सुरू झाला. समेवर आला. सासूबाई टाळ हातात घेऊन उभ्या, मान किंचित कललेली. गाईनात.

पुन्हा सम आली. गेली. त्या तशाच.

मला वाटलं, विसरल्या. नवरा पेटीवर तोच सूर पुन्हा पुन्हा देत होता. पाळकसाहेब बाकाच्या कडेला सरकले. मी सासूबाईंच्या मागे उभी होते आणि मला त्यांची पाठ दिसत होती. ती अजिबात घाबरलेली नव्हती. कान देऊन उभी होती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या विसरल्या नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. तीसेक वर्षं ओळ पुढून आली होती आणि त्यांनी ती उचलली होती. आताही त्या ओळ यायची वाट बघत होत्या, आणि त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं.

एवढं रडू मला सासरे गेले तेव्हाही आलं नव्हतं. पण रडायला वेळ कुठे होता? सम पुन्हा येत होती. मी डोळे मिटले आणि उभ्या पुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "खिडकीपाशी बसले देवा—"

काय तो सूर! मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं. एक बाळ रडायला लागलं. पेटी बिचारी मला शोधत खालपर्यंत उतरली आणि परत वर गेली. सासूबाई गर्रकन वळल्या, माझ्याकडे बघितलं, भर चर्चमध्ये म्हणाल्या, "अगं, असं नाही!" आणि शिकवायला म्हणून ओळ उचलली.

उचलली ती तशीच वर घेऊन गेल्या.

त्यांच्या लक्षात आलं तोवर त्या मंडळीकडे तोंड करून गात होत्या. बाकं हसत होती, त्याही हसत होत्या आणि हसता हसता गात होत्या. हसण्यानं ओळीला जागोजाग हिसके बसत होते आणि ते हिसकेच इतके गोड लागत होते की मागच्या बायकांनी आपसूक टाळ्या धरल्या. मग मडम आली. तिचे वडील जिन्याखालून ओरडले, डॉक्टर आला, चहा आला, समुद्र आला. पाळकसाहेब डोळे पुसत होते, कशामुळे ते त्यांनाच माहीत. ध्रुवपद फिरून आलं की अख्खी मंडळी झील धरू लागली, मागची बाकं, पुढची बाकं, अगदी बाळाची आईसुद्धा.

एवढी शेदोनशे माणसं सुरात गात असताना माझी काय गरज, म्हणून मी सुज्ञपणे तोंड मिटलं.

सासूबाई गाता गाता थांबल्या. तबला चालूच होता. त्या मागे वळल्या, घामानं निथळत होत्या, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तू नको थांबूस. तुझा आवाज मागून आला नाही, तर मी पुढे आहे हे मला कळत नाही गं."

मग मी गायले. शेवटपर्यंत, बेसूर, पूर्ण आवाजात.