फुलदाणीखालचा दुसरा अंक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आजच का, ते विचारू नका.

अंबरनाथला आमच्या कारखान्याची हौशी नाटकमंडळी आहे. बारा वर्षांपूर्वी मला मोबाइलवर एक विलायती विनोदी सिनेमा सापडला. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, मुळात नाटकावरून काढलेला. सासूला चुकवायला जावई आपल्याच घरात नोकर बनतो. म्हटलं, याचं परत नाटक करू या. पण इंग्रजी मला कुठे येतं? स्टोअरमधल्या मोहिनीआंटी, उल्हासनगरच्या सिंधी — त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एकेक वाक्य समजावलं, मी मराठीत उतरवलं.

सिनेमात जो तो बोलायला फुलदाणीजवळ यायचा. मला वाटलं, हीच गंमत! मीही सगळ्यांना फुलदाणीपाशी उभं केलं. त्या काळी शूटिंगला आवाज पकडायचा माइक फुलदाणीत लपवलेला असायचा, हे पुष्कळ नंतर कळलं. पण त्या चुकीनेच मला तारलं, कारण फुलदाणीच्या टेबलाखाली, चादरीआड, आंटी प्रॉम्प्टिंगला बसल्या होत्या.

नोकर बनलेला जावई मीच. दुसऱ्या अंकात मी गडबडलो आणि तीन पानं पुढचं बोलून बसलो. वहीतलं काहीच जुळेना. सासू विचारतेय, जावई कुठाय — आणि मी घामाघूम. तेवढ्यात खालून आवाज आला, "बोल ना, जावईला कालच धुवून सुकायला टाकला, बाई!" मी तसंच्या तसं बोललो. हशा. मग अंक संपेपर्यंत आंटी मनाने रचत गेल्या आणि मी पोपटासारखा बोलत गेलो. लोक पोट धरून हसले.

शेवटी शाल-श्रीफळ. पाहुण्यांनी माइकवरच विचारलं, दुसरा अंक कुणाला सुचला?

मी म्हणालो, "मला."

आंटी तेव्हा गुडघ्यावर हात टेकत टेबलाखालून बाहेर येत होत्या. ऐकलं त्यांनी. टाळ्या वाजवल्या. सोमवारी एवढंच म्हणाल्या, "शाल अच्छी आहे रे. घरी धुवू नको, रंग जाईल."

तेव्हापासून मी लेखक. चार माणसांत मान आहे, बोलायची भीती गेली, आणखी सहा नाटकं लिहिली. हे सगळं त्या बाईंनी दिलं. मी किती ऋणी आहे, कसं सांगू? रोज मनात त्यांचे आभार मानतो — मनातच, कारण मोठ्याने म्हणायचं तर पुढचंही सांगावं लागेल.

आता मंडळी त्या नाटकाचं पुस्तक काढतेय. सुरुवातीच्या पानावर मी लिहून दिलं होतं — 'मोहिनीआंटींचे सहकार्याबद्दल आभार.' सहकार्य? काल ती ओळ खोडली. तिच्या जागी हे लिहितोय.

दुसरा अंक मोहिनीआंटींचा आहे. मी तो त्यांच्या डोळ्यांदेखत माझा म्हटला.