मुदखेडच्या गॅरेजातले बुडबुडे

माझा स्वभाव तापट, हे नांदेडात कुणालाही विचारा. आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं मोटार मेकॅनिक शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत तोंडावर "सर, असं नसंल ते" म्हणायची हिंमत एकाच पोरीनं केली. लग्न होऊन ती मुदखेडला गेली आणि तिथं स्टेशनच्या रस्त्यावर तिनं टू-व्हीलरचं गॅरेज टाकलं. बाईमाणसाचं गॅरेज म्हटल्यावर लोक तिला बघायला यायचे, गाडी दाखवायला नाही. सासऱ्यानं तिला एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक बसलं तर ठीक, नाहीतर गाळा दुसऱ्याला भाड्यानं द्यायचा. हे तिनंच मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं.

आठ-नऊ महिने झाले असतील, तिचा फोन आला. "सर, टर्बो बसवलेली मोटारसायकल आलीय. हेड गास्केट गेलंय असं मला वाटून राहिलं, पण मालकाला पटंना. तो म्हणतो, तुमच्या सरांना बोलवा, ते म्हणतील ते खरं."

मोटारसायकलला टर्बो! म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबायचं यंत्र. हळदीच्या बागायतदाराचा तिशीतला मुलगा, हौस दांडगी. लातूरच्या एका कारागिराकडून त्यानं जुन्या कारचा टर्बो बसवून घेतला होता. खरं सांगतो, असली गाडी मी जन्मात उघडली नव्हती. ते तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "थांब, उद्या सकाळी येतो."

गेलो तर दहा-बारा माणसं जमलेली. शेजारचा चहावालासुद्धा स्टोव्ह बारीक करून आलेला. ती सगळ्यांसमोर सांगायला लागली, "सर, गाडी हळू चालवली तर कायबी होत न्हाई. रेस ओढली की पाणी कमी होतंय आणि पांढरा धूर येतोय. आज सकाळी गार गाडीचा रेडिएटरचा पाईप दाबून बघितला, तर कडक. रात्रभर उभी राहून बी कडक. म्हणजे सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरून राहिला."

इंजिनाचं धड आणि वरचं हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो, ते गास्केट. ते जळालं तर हेच सगळं होतं. तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं, आणि मला राग आला तो त्याचाच. पाईप दाबून बघायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

मी ऑइल बघितलं. काळंच होतं. "गास्केट गेलं असतं तर ऑइल चहासारखं दुधाळ झालं असतं," मी म्हणालो.

"सर, पाण्याच्या बाजूनंच जळालं असंल तर ऑइल चांगलंच राहतं की."

मागं कुणीतरी हसलं. कशाला हसलं देव जाणे, मला वाटलं मलाच. मग मी रेडिएटरचं झाकण काढलं आणि गाडी चालू केली. पाणी शांत. "बघा, एक बुडबुडा नाही!" मी ओरडून सांगितलं.

"जरा रेस देऊन बघा ना सर," ती म्हणाली.

मी रेडिएटरवर वाकलो आणि झटक्यात रेस दिली. माझ्या पाठीमुळं दुसऱ्या कुणाला पाणी दिसत नव्हतं. बुडबुडे आले. एक-दोन नाही, ओळीनं आले. मी गाडी बंद केली, झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणालो, "काही नाही. टर्बोचं सील गेलंय, ऑइल जळतंय."

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? पण नाही. "पोरी, आधी रिंग-पिस्टन नीट शीक, मग टर्बोला हात लाव," असंही बोललो. सगळे खदाखदा हसले. ती "हाव सर" म्हणाली आणि पुसलेलाच पाना पुन्हा पुसत राहिली.

गाडी त्याच दिवशी टेम्पोत घालून लातूरला गेली. आठवड्यानं मालकाचा फोन आला. "सर, टर्बो चांगला निघाला. हेड उघडलं तर गास्केट जळालेलं. त्या ताई बरोबर होत्या बघा. जाऊ द्या सर, होतं माणसाकडून." मी म्हणालो, "हो, होतं."

काय होतं? डोळ्यांनी बघून खोटं बोलणं माणसाकडून 'होतं'? मला माझीच शिसारी आली. दोन दिवस बायकोवर उगाच खेकसलो. त्या पोरीला फोन लावायचो आणि रिंग वाजायच्या आत बंद करायचो. असे दोन महिने मी काढले, आणि सासऱ्यानं तिला दिलेल्या वर्षातला जेमतेम एक महिना उरला होता. मग मुदखेडकडच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सहज सांगितलं, तिच्याकडं आता पंक्चरसुद्धा कुणी नेत नाही, सरांनीच तिला येड्यात काढलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून गेलो.

गॅरेजात एकही गाडी नव्हती. बाकड्यावर चहावाला आणि अजून दोघं गप्पा मारत बसलेले. बरं झालं, माणसं होती. मी उभ्यानंच बोललो, "त्या टर्बोच्या गाडीचं गास्केटच गेलं होतं. तू बरोबर होतीस, मी चुकलो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? तवा रेस दिल्यावर बुडबुडे आलेच न्हाईत का?"

सांगायला एवढा सोपा रस्ता पुन्हा मिळणार नव्हता. मी म्हणालो, "नाही. आले असते तर बोललो नसतो का?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "मी मामंजींना तेच म्हणले! सर चुकतील, पण बघून खोटं बोलणार न्हाईत. तसं असतं ना सर, तर मी हे शटर त्याच दिवशी खाली ओढलं असतं. कुणाकडून शिकले म्हणून सांगितलं असतं मी?"

मग त्या तिघांकडं वळून म्हणाली, "बघितलं का? चुकलं तर नांदेडहून सांगायला येतात. असे सर हाईत माझे!" तिघांनी माना डोलावल्या. चहावाला म्हणाला, "लई मोठं मन हाय सर तुमचं," आणि माझी गाडी उद्या इथंच टाकतो बाई, असं तिला सांगून चहा आणायला गेला.

तिनं हात पुसले, पदर सावरला आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.