आमच्या चॅनलवर न दिसलेले गोल

कुठं चार माणसं चहाला बसली की मला हमखास म्हणतात, "जोशी, फुटबॉलचा एखादा सांगा की." मी एखादाच सांगायचा म्हणून सुरू करतो आणि चहा दोनदा गरम करावा लागतो. यात माझा काही दोष नाही. परभणीत लोकल केबलवर जिल्हा लीगच्या खालच्या गटाचा फुटबॉल लाइव्ह दाखवायचा म्हटल्यावर किस्से साचणारच. सांगून टाकले नाहीत तर ठेवायचे कुठं?

आधी माणसं सांगतो. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. पण गावात ओळख सूत्रसंचालक म्हणून. सत्कार असो, शोकसभा असो, बारसं असो, माइक माझ्याकडे. म्हणून चॅनलच्या शेठनी मला कॉमेंटेटर केलं. कॅमेरा राहुल खिल्लारेकडे, जो मूळचा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. आणि दोन एक्स्पर्ट. एक देशमुख सर, शाळेतून रिटायर झालेले पीटी टीचर, सगळं आयुष्य कबड्डीत गेलेलं. दुसरे काझी साहेब, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, तरुणपणी लेफ्ट विंगला खेळलेले. आम्हा चौघांत फुटबॉल कळतो तो फक्त त्यांना.

आमचं दुखणं एकच होतं. दोन वर्षं लीग लाइव्ह दाखवली आणि एकही गोल लाइव्ह दिसला नाही. गोल होत नव्हते असं नाही, चांगले ढिगानं होत होते. स्क्रीनवर येत नव्हते. शेवटी यंदा शेठनी सांगून टाकलं, "फायनलपर्यंत एक तरी गोल दाखवा, न्हाईतर फुटबॉल बंद. त्या टायमाला शेतीचा कार्यक्रम लावतो." आम्ही तिघांनी माना हलवल्या. काझी साहेबांचा चेहरा पार उतरला.

*

देशमुख सरांचं विश्लेषण म्हणजे एकच वाक्य. हाफ टाइमला मी विचारायचो, "सर, काय कमी पडतंय?" सर घसा साफ करायचे, डायरी उघडायचे आणि म्हणायचे, "दम कमी पडायलाय. पोरांनी पहाटं पळायला पाहिजे."

हरणाऱ्या टीमचा दम कमी. बरोबरी असली की दोघांचा कमी. एकदा मानवतची टीम पाच गोलनी पुढं होती, तरी त्यांचा दम कमीच. मी म्हटलं, सर, ते जिंकायलेत. सर म्हणाले, "दम असता तर सात झाले असते."

काझी साहेब शेजारी बसून हे सगळं ऐकायचे आणि हळूच खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकायचे. सरांच्या शाळेचे अर्धे विद्यार्थी आमच्या गल्लीत राहतात, त्यामुळं उलट बोलायची कोणाची छाती नव्हती. एकदा आभाळ फाटलं आणि मॅच न होताच रद्द झाली. वेळ भरायचा म्हणून मी सरांना विचारलं, आज काय वाटतं? सरांनी डायरी उघडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

*

राहुलचा हात लग्नात तयार झालेला. त्याचा नियम साधा: दारातून माणूस आलं की कॅमेरा तिकडं फिरवायचा, कारण लग्नात एखादा मामा सुटला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

पहिल्याच वर्षी जिंतूरच्या टीमनं हाफलाइनवरून असा काही गोल मारला की ग्राउंडवरची माणसं खुर्च्यांवर चढली. स्क्रीनवर काय? फाटकातून आत येणारं एक कुटुंब. नवरा पुढं, बायको मागं, पिशवीत पाण्याची बाटली. राहुलनं त्यांना पाहुण्यांच्या सोफ्यावर बसेपर्यंत दाखवलं आणि वर क्लोजअप घेतला.

मी त्याला म्हटलं, अरे, ते कोण होते? तो म्हणाला, "मला काय माहीत सर, पण आलते ना."

मग शेठनी सांगितलं, निदान रिप्ले तरी दाखवा. राहुलनं रात्री एडिटिंग करून दुसऱ्या दिवशी रिप्ले आणला. गोल नव्हताच त्यात, गोल झाल्यावर मिठ्या मारणारे खेळाडू होते. स्लो मोशनमध्ये. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायल्या आणि चारी कोपऱ्यांतून लाल बदाम उडायले. काझी साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "राहुल, बेटा, फूल रहने दे. दिल निकाल."

*

आता माझीही चूक सांगतो, नाहीतर म्हणाल जोशी दुसऱ्यांचंच सांगतो.

वीस वर्षं सत्काराची सवय. नुसतं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. पहिल्या मॅचला चेंडू सेलूच्या एका पोराकडे आला आणि मी सुरू झालो, "सेलू नगरीचे सुपुत्र, आपल्या सर्वांचे लाडके, सन्माननीय श्री. विठ्ठलरावजी..." तोवर विठ्ठलनं पास देऊन टाकला होता. ज्याला दिला त्याचं नाव मी सुरू केलं, तर त्यानंही पुढं दिला. मी त्या सबंध मॅचमध्ये चेंडूच्या तीन माणसं मागं होतो.

दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला तेव्हा मी पाहुण्यांची यादी वाचत होतो. आयोजकांनी चिठ्ठी दिली होती, त्यात सतरा नावं. बाराव्या नावाला लोक ओरडले. मला वाटलं, त्या पाहुण्यांना एवढा मान आहे! मी म्हटलं, "जोरदार टाळ्या होऊ द्या." त्या पाहुण्यांनी उठून सगळ्या ग्राउंडला नमस्कार केला. राहुलनं अर्थातच तो नमस्कार घेतला.

*

त्यातून एकदा कॅमेरा बरोबर गोलकडे होता, राहुल जागेवर होता, मी गप्प होतो. तरी गोल दिसला नाही.

झालं असं की स्क्रीनच्या खाली जाहिरातीची पट्टी चालते. बी-बियाणं, चष्म्याचं दुकान, कोचिंग क्लास. सीझनला पट्ट्या वाढत गेल्या. एकावर एक अशा तीन झाल्या. मग खेळाडू कमरेपासून वर दिसायचे. चेंडू जमिनीवर असला की दिसायचाच नाही, हवेत उडाला की कोचिंग क्लासच्या वर टपकायचा. राणीसावरगावहून एकानं फोन करून विचारलं की ही माणसं नुसती पळायलीत, चेंडू आणला का न्हाई?

तो गोल जमिनीलगत गेला. सरळ कपाशीच्या हायब्रिड बियाण्याखालून.

काझी साहेब शेठकडे गेले. पट्टी जरा खाली घ्या म्हणाले. शेठ म्हणाले, "साहेब, पट्टी हलत न्हाई. तुमी पोरांना जरा वरून मारायला सांगा." आणि खरं सांगतो, काझी साहेबांनी पुढच्या मॅचआधी दोन्ही कॅप्टनला बोलावून तसं सांगितलं. इतकी त्या माणसाला तळमळ.

*

प्रेक्षकांचे फोन घ्यायचे ही कल्पना शेठची. पहिलाच फोन पोखर्णीहून आला. मी म्हटलं, विचारा, आपले तज्ज्ञ बसलेत. माणूस म्हणाला, "सोयाबीन पिवळं पडायलंय. काय मारावं?"

नंबर तोच होता ना, शेतीच्या कार्यक्रमाचा! मी फोन कापणार तेवढ्यात काझी साहेबांनी हात वर केला. त्यांचं स्वतःचं चार एकर रान आहे. पान कसं पिवळं पडतंय, शिरा हिरव्या आहेत का, पांढरी माशी दिसते का, सगळं नीट विचारलं आणि उपाय सांगितला. मागं खेळ चालूच होता. शेवटी अगदी अदबीनं म्हणाले, "आता फुटबॉलचं पण काही विचारा की."

माणसानं थोडा विचार केला. "फुटबॉल कधी बंद होणार हाय? म्हणजे शेतीचं रोज लागंल."

काझी साहेब त्या दिवशी घरी जाताना माझ्या गाडीवर मागं बसले होते. स्टेशनच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले की तरुणपणी नांदेडला त्यांनी एक गोल मारला होता. कॉर्नरवरून, डाव्या पायानं, कोणाला न लागता सरळ आत. ग्राउंडवर एकच फोटोग्राफर होता आणि तो नेमका रोल बदलत होता. घरी येऊन वडलांना सांगितलं तर वडील म्हणाले, बरं, हात धू, जेवायला बस.

"मेरा गोल कोई नै देखा, जोशी साब," ते म्हणाले. "इन पोट्ट्यों का तो देखने दो."

मागच्यांनी हॉर्न वाजवले म्हणून गाडी काढली.

*

आणि आली फायनल. गंगाखेड विरुद्ध पाथरी. तोवर एकही गोल दिसलेला नव्हता. आज दिसला नाही तर संपलं.

आम्ही सगळा बंदोबस्त केला. पाहुण्यांची यादी मी घरीच ठेवली. शेठच्या हातापाया पडून जाहिरातीची एकच पट्टी ठेवली. राहुलला फाटकाकडे पाठ करून उभं केलं. देशमुख सरांना सांगितलं की दमाचं आज शेवटी एकदाच. काझी साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

उद्घाटन तेवढं राहिलं होतं. कारण उद्घाटक साहेब यायचे होते. आमच्याकडे स्पर्धेचं उद्घाटन पहिल्या मॅचला होतं असं काही नाही, साहेब येतील तेव्हा होतं. मॅच सुरू झाली, हाफ टाइम झाला, गोल नाही. संपायला दहा मिनिटं राहिली आणि पाथरीच्या एका गड्यानं गंगाखेडच्या नऊ नंबरला गोलपुढच्या चौकटीत आडवा केला. नऊ नंबर म्हणजे गंगाखेड स्टँडवर टमटम चालवणारा सुरेश. रेफरीनं शिट्टी मारली. पेनल्टी.

काझी साहेबांनी माझा हात घट्ट धरला. पेनल्टी म्हणजे चेंडू एका जागी, कॅमेरा एका जागी. आता काय चुकणार?

तेवढ्यात साहेब आले.

आयोजक धावत मैदानात गेले. रेफरीशी काहीतरी बोलणं झालं. साहेबांना मैदानात आणलं, सुरेशला बाजूला केलं आणि ठेवलेल्या चेंडूपुढं साहेबांना उभं केलं. उद्घाटन साहेबांच्या हस्ते नव्हे, पायानं. साहेबांनी पॉलिशच्या बुटानं चेंडू ढकलला. पाथरीचा गोलकीपर शिकलेला मुलगा, त्यानं नम्रपणे दोन पावलं सरकून वाट दिली. चेंडू गडगडत आत गेला आणि जाळीला टेकून थांबला. राहुलनं सगळं घेतलं. क्लोजअपसकट.

टाळ्या पडल्या. मी माइकवर हात ठेवून काझी साहेबांच्या कानात म्हटलं, "साहेब, स्क्रीनवर दिसला. गोल म्हणा, लीग वाचली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माइक ओढून घेतला आणि अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे उद्घाटन झालं. गोल आता बघा."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. रेफरीनं चेंडू पुन्हा ठेवायला लावला. सुरेश पुढं आला. मी मॉनिटरकडे बघितलं. मॉनिटरवर साहेब होते. स्टेजकडे चालत निघालेले साहेब, खांद्यावर शाल, कोणीतरी फेटा बांधतंय. मी राहुलचा खांदा हलवला. त्यानं डोळा न काढता सांगितलं, "सत्कार चालू हाय सर."

काझी साहेब मॉनिटर बघतच नव्हते. ते मैदान बघत होते.

"सुरेशनं बॉल ठेवला. चार पावलं मागं गेला. कीपर वाकलाय, हात गुडघ्यावर. सुरेश त्याच्याकडं बघंना, बॉलकडं बघायलाय. निघाला. डावा पाय. कीपर उजवीकडं पडला... बॉल डाव्या कोपऱ्यात, एकदम खाली, खांबाला घासून आत. जाळी हालली. हालली जाळी. याला म्हणत्यात गोल."

स्क्रीनवर साहेबांच्या फेट्याचा शेमला नीट करण्यात आला. नंतर नारळ.

काझी साहेबांनी माइक खाली ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. मला म्हणाले, "दिखा ना?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी चौघांना ऑफिसात बोलावलं. राहुल कॅमेऱ्याची बॅग परत करायच्या तयारीनं आला होता. देशमुख सरांनी डायरी आणली नव्हती. गोल स्क्रीनवर दिसलाच नाही हे काझी साहेबांना मी रात्रभर सांगायचं ठरवत होतो, पण सांगितलं नव्हतं.

शेठ टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले होते. उठून काझी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"साहेब, बघितला गोल. घरातले सगळे बघत होतो. उद्घाटनाचा न्हाई, तो कुणी बी मारतंय. नऊ नंबरचा. कीपर इकडं पडला आणि बॉल तिकडून खांबाला घासून गेला, आमची आई तर उठून उभी राह्यली. फुटबॉल पुढच्या वर्षी बी ठेवायचा."

राहुलनं बॅग हळूच पाठीमागं घेतली. शेठ राहुलकडे वळले.

"तू फक्त एक कर. पुढच्या टायमाला गोल जरा जवळून घे."

राहुल म्हणाला, "घेतो की."