चाकं नेली, नट ठेवले

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते आता एकमेकांत मिसळून गेलेत. मुरलीपुऱ्यातली चार चाकांची चोरी मात्र जशीच्या तशी आठवते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आम्ही भुसावळचे. सासरे रेल्वेतून बदली होऊन जयपूरला आले आणि इथंच राहिले. नवरा रेल्वे पोलिसात होता. तो ड्यूटीवर असताना वारला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पुढे शहरातल्या ठाण्यात बदली झाली आणि तिथूनच हेड कॉन्स्टेबल म्हणून मी निवृत्त झाले.

जेठ महिन्याचा उन्हाळा होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक तरुण ठाण्यात आला, जगतपुऱ्यात कंपनीत नोकरी करणारा. त्याच्या छोट्या कारची चारही चाकं घराच्या पोर्चमधून काल दिवसा, तो बसनं कामावर गेला असताना, कुणीतरी काढून नेली होती. चाकं साधी नव्हती. त्यानं हौसेनं नवी अलॉय चाकं बसवली होती, त्यावर रुंद टायर, आणि गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा. मोबाइलवर फोटो दाखवताना पोरगं रडायच्या बेतात होतं.

थानेदारसाहेबांनी मराठी आडनाव वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बाईजी, आपके देस के लोग हैं. आप देख आओ."

मी गेले. गाडी विटांवर उभी. पुढच्या आणि मागच्या बंपरला लाल फडकं बांधलेलं. बरोबरचा शिपाई म्हणाला, "नजर के लिए बाँधा होगा." मीही मान हलवली. नव्या गाडीला लोक काय काय बांधतात. चाकांचे नट मात्र जागच्या जागी परत फिरवून ठेवले होते. एकही हरवलेला नव्हता. हे मला खटकलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

घरात मुलाचे आईवडील होते, सून नोकरीवर गेली होती. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, बोलायला कमी. आई बैठकीवर बसून होती. मराठी बोलणारी बाई दारात आली तर आपल्याकडची बाई उठून पाणी आणते. ही जागची हलली नाही.

"बसा ना ताई," मला म्हणाली, आणि मुलाला म्हणाली, "तू चहा टाक रे."

"मी? आई, मतलब, माझी गाडी गेली आणि चहा मीच करू?"

"चाकं गेलीत. गाडी आहे."

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. काल दुपारी काही आवाज आला का, असं मी विचारलं. "कूलर चालू होता," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुखबिराची, म्हणजे खबऱ्याची, खबर आली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात ज्या मिस्त्रीनं ही चाकं बसवली होती, त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तशीच चार चाकं पडली आहेत. या मिस्त्रीला तरुणपणी टायरचोरीत एकदा पकडलं होतं. तेवढं पुरे झालं. त्याला उचलून आणलं आणि चाकंही जप्त केली.

चौकशीला मी हजर होते. हा चाळिशीतला माणूस, हात काळे, आवाज शांत. दुसऱ्या गिऱ्हाइकाची चाकं आहेत म्हणाला. ते गिऱ्हाईक बाहेरगावी, फोन लागत नव्हता.

"जो खुद कसूँ, वही खोलूँ?" तो साहेबांना म्हणाला. "सबसे पहले तो म्हारो ही नाम आवे."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. मिस्त्री दचकला नाही. फक्त म्हणाला, "साहब, जो पूछना है पूछो. पर शेडवाले को मत बुलाना. उसने कह रखा है, पुलिस आई तो शेड खाली. पाँच साल में जमाया है."

आणि शेडवाला, म्हणजे शेडचा मालक, तर बाहेर येऊन उभाच होता. संध्याकाळपर्यंत या माणसाचं सामान रस्त्यावर येणार, हे मला दिसत होतं. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या सुटकेबद्दल आधी बोलतो. हा कामाच्या जागेबद्दल बोलत होता. पण असल्या अंदाजावर कुणी सुटत नाही.

त्याला पाणी देताना मी सहज विचारलं, "गाडीखाली शिरताना तू लाल कपडा बांधतोस का?"

"लाल कपड़ा? बाईजी, गाड़ी ठीक करूँ हूँ, ब्याह थोड़े ही करूँ हूँ."

शिपाई हसले. मी हसले नाही, कारण तेवढ्यात मला आमची रेल्वेची लाइन आठवली. डब्याखाली फिटर शिरला की आधी गाडीच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी लागते. ती असेपर्यंत गाडी हलवायची नाही, मग कुणीही सांगो. माझे सासरे हेच काम करत. घरात पंखा दुरुस्त करतानाही ते बटणाला लाल चिंधी बांधायचे. सासूबाई चिडायच्या.

आता असा चोर कोण असेल, जो दुसऱ्याच्या गाडीची चाकं काढण्याआधी पुढेमागे झेंडी लावतो आणि जाताना नट हरवू नयेत म्हणून परत फिरवून ठेवतो?

साहेबांना म्हटलं, "मला थोडा वेळ द्या. तोवर याला हात लावू नका आणि शेडवाल्याशी बोलू नका."

"कुछ मिला?"

"मिळालं तर आणते."

मुलगा कामावर गेला होता. आई त्याच बैठकीवर. या खेपेला मी बैठकीकडे नीट बघितलं. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि बैठकीवर सांगानेरी रजई अंथरलेली.

"ताई, उन्हाळ्यात रजई?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मी त्यांना विचारलं, "भाऊ, रेल्वेत कुठल्या खात्यात होतात?"

"कॅरेज. डब्यांचा फिटर."

"मग झेंडी काढायची का राहिली?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "काम संपलं नव्हतं. गाडी अजून फिट नाही. फिट नसताना झेंडी कशी काढू?"

बाई उठल्या. रजईखाली दोन-दोनच्या थप्पीत चारही चाकं होती.

झालं होतं असं. गाडी खाली बसवल्यापासून मागचं चाक मडगार्डला घासत होतं. म्हाताऱ्यानं पोराला तीनदा सांगितलं. पोरगा म्हणायचा, रुंद टायरचा आवाज येतोच, बाबा. पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन भुसावळला निघणार होता, आईवडील आणि बायकोला घेऊन.

"यार्डातून अशी गाडी मी कधी बाहेर सोडली नाही," म्हातारा म्हणाला. "वाटलं, चाकं दिसली नाहीत की जुनी लावेल. हा पोलिसात जाईल हे डोक्यातच आलं नाही. मग बोलायची लाज वाटली."

"आणि मी त्याच्यावर बसून राहिले," बाई म्हणाल्या. "कंबर मोडली माझी."

मी सांगितलं, तुमच्या लाजेपायी एक माणूस ठाण्यात बसलाय आणि त्याची शेड जाणार आहे. त्यांना मिस्त्रीचं काहीच माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं चष्मा घातला, चपला पायात सरकवल्या. "चला," एवढंच बोलला.

अजून गुन्हा दाखल झाला नव्हता, फक्त रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, नोंद होती, म्हणून निभावलं. साहेबांनी म्हाताऱ्याला चांगलंच सुनावलं. त्यानं उभं राहून ऐकलं आणि मग मिस्त्रीपुढे हात जोडले. मिस्त्री खाली बघून म्हणाला, "बाबूजी, मुझसे नहीं, शेडवाले से कहो." त्याचं बरोबर होतं. मी वर्दीतच म्हाताऱ्याला घेऊन शेडवाल्याकडे गेले आणि चार लोकांदेखत सांगितलं, चूक आमची आणि यांची, याची काहीही नाही. साहेबांना ते फारसं आवडलं नाही. पण शेड राहिली.

मुलगा कळल्यावर बापाशी बोलेना. "आंटीजी, मतलब, माझ्याच घरात?" असं मला दोनदा म्हणाला. मिस्त्रीनं चाकं परत बसवली तेव्हा मीच मुलाला म्हटलं, "गाडी मिस्त्रीला चालवू दे. तू मागे बस, आईशेजारी."

तो कधी मागे बसलाच नव्हता. एकटा कामावर जायचा, तेव्हा गाडी ठीक चालायची. मागे दोन माणसं बसली की ती दबायची आणि घासायची. सीकर रोडच्या पहिल्याच खड्ड्यात चाक घासलं तो आवाज त्यानं ऐकला. परत आल्यावर तो बापाजवळ जाऊन उभा राहिला. मग दोघं मिळून गाडीखाली वाकून बघायला लागले आणि मिस्त्री त्यांना दाखवायला लागला. चाकं तीच ठेवली, स्प्रिंगा तेवढ्या बदलल्या.

त्यानंतर घरातल्या भांडणाची तक्रार आली की मी आधी दोघांच्या खुर्च्या बदलायचे आणि मगच बोला म्हणायचे. साहेब हसायचे. माणसं थोडी चुळबुळ करायची, मग आवाज खाली यायचा. नेहमी जमलं असं नाही. पण त्या घरात जमलं. भुसावळला जाताना निम्म्या वाटेत म्हाताऱ्याला पुढे बसवून पोरगा मागे बसला आणि गाडी सुनेनं चालवली, असं पुढे बाईंनी मला फोनवर सांगितलं.