आठ दिवसांची सवलत

माझा थोरला भाऊ परका आणि मी मुलकी, म्हणजे सरकारच्या लेखी इथला. आई एक, बाप एक, घर एक. गाव भोकरदनच्या वरच्या अंगाला, निजामी मुलखाच्या अगदी काठावर. पण पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजापायी आई चार कोसांवर वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी मुलखात गेली आणि दादा तिथं जन्मला. मी दुसरा, म्हणून घरीच झालो. पुढे दादाने पारावर बंदी असलेलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा सरकारला त्याचं जन्मगाव आठवलं आणि परका म्हणून त्याला हद्दपार केलं. तेच वर्तमानपत्र मीही वाचत असे. पण मला हाकलणार कुठे?

वर्षभराने राजधानीत कायदेमंडळात हद्दपारीचा कायदा सैल करण्यावर चर्चा झडली. जवळचं माणूस मेलं तर हद्दपाराला घरी येऊ द्यावं, इथवर एकमत झालं. किती दिवस, यावर मात्र थोरामोठ्यांनी घसे कोरडे केले. कुणी पाच म्हणालं, कुणी पंधरा. महिनाभर खल होऊन आठ ठरले. केवढी ती माया!

मी आईला बातमी वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती.

"मंग मरते की मी," ती म्हणाली. "न्हाई तरी इथं काय करून राह्यले?"

मी तिच्यावर भयंकर चिडलो.

त्याच सुगीत ती तापाने गेली. कचेरीने परवानगीचा कागद त्याच दिवशी दिला. इतकी चलाख कचेरी मी पुन्हा पाहिली नाही. दादा दुसऱ्या दिवशी आला. नवव्या दिवशी संध्याकाळी शिपाई त्याला हद्दीपार पोचवून आला. महिनाभराच्या खलात दहावा कुणाला आठवलाच नव्हता.

पिंड मी ठेवला. कावळा शिवेना. "तिची काही इच्छा राह्यली असंल," चुलते म्हणाले. "पुरी करतो म्हण." म्हातारी गाय विकणार नाही म्हटलं, बहिणीला दर दिवाळीला आणीन म्हटलं. कावळे फांदीवरून हलेनात. इच्छा कोणती, हे नदीवर जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोलीस पाटील माझ्या शेजारीच उभा होता. दादाला घरी आणतो, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. त्याची लाज मला अजून वाटते.